होळीपर्यंत एकच सोंग काहून? आपल्या खेळाच्या संयोजकांना खुले पत्र

संयोजक दादा आणि ताईंना,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मैदानी सोंगांच्या खेळाच्या, म्हणजे लार्पच्या, यंदाच्या नियमांची जी पीडीएफ तुम्ही सगळ्यांना पाठवली, तिच्यातल्या सातव्या नियमाबद्दल हे पत्र आहे. "पहिल्या खेळाला घेतलेला क्लास होळीपर्यंत बदलता येणार नाही." एवढंच वाक्य. क्लास म्हणजे आपल्या पात्राचा प्रकार, लढवय्या की वैदू ते. बाकीच्या नियमांवर माझं काही म्हणणं नाही. डोक्यावर आणि मानेवर वार नाही, फोममधून पाईप दिसला की हत्यार बाद, लाखोळी पेरलेल्या बांधीत पाय पडला की पात्र मेलं, हे सगळं तुम्ही कडक पाळता. म्हणून तर घरचे पोट्ट्यांना रविवारी सोडतात आणि शेतकरी आपल्या बांध्या वापरू देतात. पण या सातव्या नियमापायी चांगले खेळणारे घरी बसायला लागलेत. तोंडी बोलून पाहिलं, तर "पुढच्या सीझनला बघू" असं उत्तर आलं. हा सीझन अजून अर्धा बाकी आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पत्र उघडं आहे, तेव्हा गावातले इतरही वाचतील. त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही ज्याला "पोट्ट्यायची लढाई" म्हणता त्याचं नाव लार्प. हे नाटकच आहे, फक्त संहिता लिहिलेली नसते आणि बघायला कोणी बसलेलं नसतं. धान निघालं की मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखालच्या रिकाम्या बांध्यांमध्ये आम्ही जमतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्या पात्राला नाव असतं, गाव असतं, कोणाशी वैर असतं. आणि त्याचा एक क्लास असतो. लढवय्या इतरांपेक्षा जास्त वार सोसतो. वैदू पडलेल्याला उठवतो. मांत्रिक मंत्र म्हणून, चिंध्या भरलेला मोज्याचा गोळा फेकतो. हेर लपतो आणि मागून येतो. शाहीर आपल्या बाजूच्यांना चेव आणतो. कोण काय हे कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून कळतं.

ही वाटणी आपण शोधलेली नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर बसून खेळायचा खेळ आला, त्यात तीन क्लास होते: लढणारा, जादू करणारा आणि पुरोहित. चोर दुसऱ्या वर्षी आला. मग लोकांना बसून खेळणं पुरेना, ते उठून सोंग घेऊन खेळायला लागले. १९७७ मध्ये अमेरिकेत डॅगोरहिर सुरू झाला, १९८२ मध्ये इंग्लंडच्या पेकफर्टन किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप, आणि १९८३ मध्ये टेक्ससच्या एल पासो शहरात ॲम्टगार्ड. आपल्या नियमांचा अर्ध्याहून जास्त भाग या ॲम्टगार्डवरून घेतलाय, हे तुम्हीच पहिल्या बैठकीत सांगितलं होतं. तिथलं सगळं घेतलं आणि नेमकी क्लास बदलण्याची मुभा तेवढी मागं ठेवली, हे कसं काय, ते मला समजलेलं नाही.

तुमची बाजू माहीत आहे. क्लास बदलू दिला तर दर रविवारी जो तो सोयीचा पट्टा बांधेल. आज राक्षस येणार असं कळलं की सगळे वैदू, उद्या किल्ला घ्यायचा म्हटलं की सगळे लढवय्ये. आणि ज्या मांत्रिकानं मागच्या खेळात पाटलाच्या पात्राला शाप दिला तोच या खेळात ढाल घेऊन दिसला, तर गोष्टीचा भुगा होईल. भीती खोटी नाही. पण नियम न बदलल्यानं काय झालं तेही पाहा.

हेरांचंच घ्या. हा क्लास तुम्ही वर्णन वाचून जसाच्या तसा आणला: झाडीत लपावं, अंधार पडायला लागला की शत्रूच्या तळाजवळ सरकावं. वर्णन ज्या मुलखात लिहिलं गेलं तिथं झाडीत फार तर कोल्हा निघत असेल. आपल्याकडं ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या, आरमोरीकडच्या वाघाच्या बातम्या रोज असतात. गुराखी गेला, मोहफूल वेचायला गेलेली बाई गेली. दुसऱ्या खेळानंतर वनरक्षक येऊन सांगून गेले, तेव्हा तुम्ही ताबडतोब नियम केला की जंगलाच्या कडेला जायचं नाही आणि चारला खेळ बंद. हे अगदी योग्य केलं. पण त्या नियमानं हेराच्या हातातलं सगळं काढून घेतलं, हे कोणी पाहिलं का? आता बिचारे दोघं हेर भर दुपारी धानाच्या पुंजण्याआड बसतात. पुंजण्याचा मालक पाळीवरून ओरडतो, "काऊन रे पोट्टेहो, धान सांडवता का?" आणि अख्ख्या मैदानाला कळतं हेर कुठं आहे. तरी त्यांनी होळीपर्यंत हेरच राहायचं? नियम तुम्ही बदलला, शिक्षा त्यांना.

मांत्रिक झालेल्या मुलाचं सांगते. त्याची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. तो बोलताना अडखळतो. त्यानं मांत्रिक का घेतला तर त्याला झगा आवडला, आणि माझ्या मते दुसरंही कारण होतं: ज्या गोष्टीनं आयुष्यभर छळलं तिच्याच जोरावर कोणाला तरी पाडावं असं त्याला वाटलं असणार. घरी त्याचा मंत्र पाठ होता. मैदानात, चारी बाजूंनी आरडाओरडा, आणि मंत्र तीनदा सलग म्हणायचा, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच शब्दावर तो अडकला. समोरचे पोट्टे चांगले, ते थांबले. तलवारी खाली करून तो मंत्र पूर्ण करेपर्यंत उभे राहिले. त्याला ते मारापेक्षा जास्त लागलं. खेळ संपल्यावर त्यानं तुमच्यापैकी एकाला विचारलं, मी लढवय्या होऊ का? सातवा नियम दाखवला गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. माझं म्हणणं, त्याला लढवय्या तर होऊ द्याच, पण मांत्रिक राहायचं असेल तर तीही वाट असावी. मंत्राऐवजी बोटं मोजत हात वर धरायचा, तेवढा वेळ पाय हलवायचा नाही. मंत्राचा हेतू वेळ जाणं आणि समोरच्याला कळणं हाच आहे ना? दोन्ही होतंय.

मुलींचं तर बोलायलाच नको. मुलगी आली की तुम्ही न विचारता लाल पट्टा पुढं करता. वैदू हो, मागं राहा, लागणार नाही. ज्या नव्या पोरीला खेळच माहीत नाही ती काय नाही म्हणणार? ती पट्टा घेते, दोन खेळ लोकांच्या काल्पनिक जखमा बांधते, तिसऱ्या खेळाला तिच्या लक्षात येतं की आपल्याला मारामारी करायची आहे. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बाया आहेत या. ढाल उचलून दोन तास पळणं त्यांना जड नाही. तोवर मात्र सातवा नियम लागलेला असतो. आमच्यातली एक म्हणाली ते लिहून ठेवते: "जातीसारखं जन्मानं लागलं का बे हे? मी त एका रविवारी घेतलं होतं." हसलो सगळ्या. पण चैत्यभूमी-दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या मुलखात खेळातली ओळखही बदलता येऊ नये, हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

क्लास निवडणं हे मुळात चुकीच्या कागदावरून होतं. तुम्ही तक्ता देता: कोणाला किती वार, कोणाला कोणती ताकद. नवा माणूस तक्ता वाचतो आणि ज्याच्यापुढं सगळ्यात मोठा आकडा त्यावर बोट ठेवतो. त्यापेक्षा विचारायला हवं की बाबा रे, तुला चार तास काय करायला आवडेल? पळायला? पाठ करायला? बोलायला? एका जागी दबून बसायला? लढवय्याला पाठांतर काही नाही, दम पाहिजे. वैदूला मैदानावर चारी दिशांना डोळे ठेवावे लागतात, कोण कधी पडला ते पाहायला, आणि तो पडलेल्यापाशी बसला की त्याला कोणीही येऊन मारतो. शाहिराला लाज वाटून चालत नाही. हे तक्त्यात येत नाही. ते दोन खेळ खेळल्यावरच कळतं, म्हणजे नियम लागून गेल्यावर.

आता ॲम्टगार्डमध्ये काय करतात ते पाहू. तिथं खेळाडू त्या दिवशी कोणता क्लास खेळायचा ते ठरवतो, आणि दिवस संपला की त्याच क्लासच्या खात्यात एक हजेरी जमा होते. प्रत्येक क्लासचं खातं वेगळं. दुसऱ्या लेव्हलला, म्हणजे वरच्या पायरीला, ५ हजेऱ्या लागतात, तिसरीला १२, चौथीला २१, पाचवीला ३४, सहावीला ५३. म्हणजे आठवड्याला एक धरली तर एका क्लासच्या टोकाला पोचायला वर्ष उलटून जातं. क्लास बदला, कोणी अडवत नाही. पण नव्या क्लासमध्ये तुम्ही पहिलीतले. जुनी हजेरी बुडत नाही, ती तिथंच थांबलेली असते; परत आलात की तिथून पुढं. बंदी घालायची गरजच पडत नाही. रोज पट्टा बदलणारा सगळीकडं कच्चाच राहतो, आणि त्याला ते स्वतःलाच जाणवतं.

टेबलावरच्या खेळातही ही भांडणं झाली आहेत. जुन्या नियमांत माणूस असलेल्या पात्राला क्लास बदलता येत असे, पण नव्यात पहिल्यापासून सुरुवात, आणि नव्याची लेव्हल जुन्याच्या पुढं जाईस्तोवर जुनी विद्या वापरली तर त्या मोहिमेचा अनुभव मिळत नसे. मला हा नियम फार आवडतो. बदललेल्या माणसाला जुनी सवय सोडणं किती जड जातं ते त्यात बरोबर पकडलंय. तरी मैदानावर तो चालायचा नाही, कारण कोणी जुनी विद्या वापरली हे पाहत फिरायला आपल्याकडं पंच कुठून आणणार? २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मात्र तिथंही लेव्हल वाढली की दुसरा क्लास जोडायला जवळपास मोकळीक आली. आणि इंग्लंडमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या 'एम्पायर' या मोठ्या लार्पमध्ये तर क्लास नाहीतच. अनुभवाचे गुण खर्चून एकेक कौशल्य घ्यायचं. मी तितक्या टोकाला जा म्हणत नाही. नव्या माणसाला पट्ट्याचा रंग बरा पडतो. कौशल्यांची यादी दिली की अर्धे पळून जातील.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात राहतो. मंडईच्या म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या रात्री, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या रात्री, गावोगाव नाटक असतं. वडशाच्या कंपन्यांचे नट एका गावात खलनायक असतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात विनोदी नोकर. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांच्या नावावर ५,००० हून जास्त प्रयोग आणि सुमारे ८०० वेगवेगळ्या भूमिका असल्याचं सांगितलं गेलं. एकाही प्रेक्षकानं उठून विचारलं नसेल की काल तर तुम्ही दुष्ट सावकार होता, आज आंधळा बाप कसे? दंडार या आपल्या लोकनाट्यात तर एकच माणूस एका रात्रीत कितीतरी सोंगं घेतो. पण एक गोष्ट कोणतीच कंपनी करत नाही. दुसऱ्या अंकात ज्यानं खून केला तो तिसऱ्या अंकात त्याच नाटकात कारण नसताना संत होऊन येत नाही. आला, तर पब्लिक खुर्च्या फेकेल. आपला नियम या दोन गोष्टींत गल्लत करतो. त्यानं नटाला बांधलं, बांधायला पाहिजे होतं पात्राला.

म्हणून मला जे पाहिजे ते असं आहे. पहिले दोन खेळ नव्या माणसाला मोकळे सोडा, रोज वेगळा पट्टा बांधू द्या, त्याच्या हजेऱ्या मग तो जो क्लास ठरवेल त्यात टाका. त्यानंतर बदल दोन खेळांच्या मधे, शुक्रवारपर्यंत कळवून. खेळ सुरू झाल्यावर नाही. बदलणाऱ्यानं एकतर पात्रच नवं आणावं, म्हणजे जुनं कुठंतरी निघून गेलं, तीर्थाला गेलं, मेलं, काय ते सांगावं. किंवा तेच पात्र ठेवून बदलाचं कारण मैदानावर दाखवावं. मांत्रिकाची विद्या गेली तर कशी गेली? कोणी काढून घेतली? लढवय्यानं तलवार टाकली ती कोणाला मारल्यावर? तुम्हाला गोष्टी सुचत नाहीत म्हणून दर बैठकीत रडता, इथं खेळाडू फुकटात आणून देतायत. जुन्या क्लासची लेव्हल थांबलेली राहील, नव्याची पहिल्यापासून. फक्त ॲम्टगार्डचे आकडे घेऊ नका. दिवाळी ते होळी म्हणजे अठरा-एकोणीस रविवार, त्यातून मंडई, लग्नं, पट वजा करा. आपल्याकडं ५ ला दुसरी लेव्हल ठेवली तर वर्षभरात कोणी तिसरीच्या पुढं जाणार नाही. दोन, चार, सात असं काहीतरी ठेवा.

यातून एक गोष्ट पूर्ण बाहेर ठेवा. अंगाला काही झालं असेल, भीती वाटत असेल, किंवा तुम्हीच मधेच नियम बदलला असेल, तर क्लास बदलायला काहीच अट नको, लेव्हलसुद्धा तशीच नव्यात घालून द्या. गुडघा दुखतो म्हणून लढवय्याला वैदू व्हायचंय तर त्याच्याकडून गोष्ट काय मागायची?

मांत्रिकाबद्दल अजून एक, जे तुम्हाला आवडणार नाही. हे नाव बदला. झग्यातला पोट्टा तलावाच्या पाळीवर हात वर करून मोठ्यानं मंत्र म्हणतो, लिंबू फेकतो (कापडी गोळा होता ना आपला? लिंबू कोणी आणलं?), आणि रस्त्यानं जाणारी म्हातारी घरी जाऊन काय सांगते? आपल्या भागात जादूटोण्याच्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच गोष्टींसाठी आला. आम्ही खेळतो हे आम्हाला माहीत, तिला नाही. तसंच, एका नव्या संयोजकानं पुढच्या वर्षी भुमका नावाचा क्लास काढायचा विचार बोलून दाखवला, तो तिथंच सोडा. भुमका हा आपल्या शेजारच्या गोंड गावांमधला खरा माणूस आहे, लोक त्याच्याकडं खऱ्या अडचणी घेऊन जातात. त्याचा पट्टा करून कमरेला बांधायचा नसतो. "जादूगार" म्हणा, रंगीत कापड वापरा, लिंबू-कुंकू बंद.

आणि खर्च. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. क्लास बदला म्हणणं मला सोपं, पण झगा आईच्या जुन्या लुगड्यातून शिवलेला असतो आणि लढवय्याचं ट्यूबचं चिलखत पंक्चरवाल्याच्या मागं लागून जमवलेलं. दुसरा क्लास घ्यायचा तर पुन्हा तेवढं करायचं? काही जण बदलायची इच्छा असून एवढ्यासाठीच गप्प आहेत. वर्गणीतून एक पेटी करा. प्रत्येक रंगाचे दोन-दोन पट्टे, एक झगा, दोन ढाली. जो नवीन क्लास करून पाहतोय त्यानं त्या दिवशी पेटीतलं वापरावं आणि परत ठेवावं. मी माझ्याकडचं कापड देते, शिवूनही देते.

येत्या रविवारी खेळ सुरू करण्याआधी, सगळे जमलेले असताना, सातव्या नियमावर हात वर करून मत घ्या. नव्या पोरीपोट्ट्यांनाही मत असू द्या, त्यांचाच प्रश्न आहे. त्या दोघा हेरांना मात्र मताची वाट पाहायला लावू नका, त्यांना याच रविवारपासून पाहिजे तो पट्टा द्या. आणि जो मुलगा येईनासा झाला त्याच्या घरी तुमच्यापैकी कोणीतरी जा. फोन करू नका, त्याला फोनवर बोलायला आवडत नाही. जाऊन सांगा की दोन्ही पट्टे ठेवलेत, येऊन निवड.

आपली,
निळ्या पट्ट्यावाली शाहीर, लेव्हल २

ता. क. हे पत्र मी स्वतःचा क्लास बदलून घ्यायला लिहिलं असं काही जण आत्ताच म्हणायला लागलेत. मला शाहीरच राहायचंय. माझ्या पोवाड्याचा चेव पाच जणांपुरताच धरायचा हा नियम तेवढा बदला, पण त्याचं पत्र वेगळं लिहीन.